बर्नर घेताना आधी कॉलर फिरवून बघा

प्रयोगशाळेतल्या गॅस बर्नरचं माहितीपत्रक उघडलं की सगळ्यात ठळक अक्षरांत असतं ते कमाल तापमान. माझ्या मते तो आकडा सगळ्यात शेवटी बघावा. रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि बर्नर चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: त्याच्यात हवा किती शिरते, आणि ती माझ्या बोटांचं किती ऐकते. गॅस काय, कुठलाही बर्नर सोडतो. हवेवर नीट ताबा देणारे थोडेच असतात. इथे तीन जातींच्या बर्नरबद्दल लिहिते आहे: साधा बन्सन, टेक्लू आणि मेकर. तिन्ही मी हाताळले आहेत आणि तिघांबद्दल माझी मतं पक्की आहेत.

आधी साधा बन्सन. जड तळ, बाजूने गॅस आणणारी तोटी, आत बारीक भोकाचा जेट, त्यावर उभी नळी, नळीच्या बुडाशी हवेची भोकं आणि त्या भोकांवर फिरणारी कॉलर. बस, एवढंच. नैसर्गिक वायूचा पुरवठा बाहेरच्या हवेपेक्षा साधारण २० मिलिबारच जास्त दाबाने येतो. पण जेटच्या बारीक भोकातून बाहेर पडताना एवढ्या दाबावरही गॅसचा वेग सेकंदाला ७० मीटरच्या आसपास जातो. हा झोत आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेतो. पंखा नाही, पंप नाही. गॅस स्वतःच्या जोरावर स्वतःला लागणारी हवा आणतो. नळीतून वर जाता जाता दोन्ही मिसळतात आणि तोंडाशी पेट घेतात. आपण कॉलर फिरवतो तेव्हा या ओढीला दार किती उघडं ठेवायचं तेवढंच ठरवत असतो.

किती हवा लागते? एक भाग मिथेन पूर्ण जळायला सुमारे साडेनऊ भाग हवा लागते. साधा बन्सन कॉलर पूर्ण उघडी असतानाही एवढी हवा आत घेत नाही. ढोबळमानाने निम्मीच घेतो. उरलेली हवा ज्योत नळीबाहेर, चारी बाजूंनी घेते. आतली ती प्राथमिक हवा, बाहेरची ती दुय्यम. निळ्या ज्योतीत आपल्याला दोन शंकू दिसतात ते यामुळेच. आतल्या शंकूच्या पातळ कडेवर गॅस अर्धवट जळून बराचसा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार होतो, आणि हे दोन्ही वायू बाहेरच्या शंकूत दुय्यम हवेवर जळतात. १८९० च्या दशकात इंग्रज रसायनज्ञ आर्थर स्मिथेल्स यांनी काचेच्या एकात एक नळ्या वापरून हे दोन शंकू एकमेकांपासून वेगळे करून दाखवले होते. दोन टप्प्यांचं जळणं डोळ्यांनी बघायला याहून सुंदर प्रयोग मला माहीत नाही.

नवा बर्नर हातात आला की मी खोलीतला उजेड कमी करते. भर उजेडात निळी ज्योत धड दिसत नाही, आणि तपासायची तर तीच असते. कॉलर पूर्ण बंद करून पेटवायचा. ज्योत उंच, पिवळी, हलणारी आणि जवळजवळ मुकी असायला हवी. हा पिवळा उजेड जळत्या गॅसचा नसतो. हवा न मिळालेल्या गॅसमधून कार्बनचे अतिसूक्ष्म कण सुटतात आणि ते तापून चमकतात. ही काजळीच उजेड देत असते. चिनी मातीची बशी क्षणभर धरली की तळाला काळा गोल उमटतो.

मग कॉलर अगदी सावकाश उघडायची. पिवळा भाग टोकाकडे सरकत जातो, टोकावर रेंगाळतो आणि नाहीसा होतो. ज्योत आखूड होते, निळसर जांभळी होते. अजून उघडा, की आतला शंकू उमटायला लागतो, आधी पुसट, मग धारदार कडेचा, हिरवट निळा. आता आवाजही येतो. हा रंग काजळीचा नव्हे, जळताना क्षणभर तयार होणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांचा असतो: कार्बन आणि हायड्रोजन यांची जोडी ४३१ नॅनोमीटरच्या आसपास जांभळा-निळा प्रकाश देते, कार्बनची जोडी ५१६ च्या आसपास हिरवा. हवा जितकी पुरेशी, तितका आतल्या शंकूचा रंग स्पष्ट.

चांगल्या बर्नरमध्ये या सगळ्या पायऱ्या मला हव्या तिथे थांबवता येतात. खराब बर्नरमध्ये पिवळ्यावरून एकदम गर्जणाऱ्या निळ्यावर उडी बसते. मधलं काही मिळतच नाही. दोष बहुतेक वेळा कॉलरमध्ये असतो. सैल कॉलर ओट्याला धक्का लागला तरी फिरते. घट्ट कॉलर गरम झाल्यावर अडकते आणि जोर लावला की एकदम सुटते. काही कॉलरींची भोकं नळीच्या भोकांवर पूर्ण बसतच नाहीत, त्यामुळे "पूर्ण उघडी" म्हणजे प्रत्यक्षात तीन चतुर्थांशच. आणि काही कॉलर बंद करूनही बाजूने हवा आत सोडतात. अशा बर्नरला स्थिर पिवळी ज्योत मिळत नाही, आणि मी तो विद्यार्थ्यांच्या हातात देत नाही. दोन कामांच्या मध्ये बर्नर जळता ठेवायचा तर ती ज्योत लांबूनही दिसली पाहिजे. उन्हाच्या कवडशात फिकट निळी ज्योत दिसत नाही आणि बाही किंवा केस तिच्यावर जातात.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण तो फार पसरलेला आहे. हवा कमी केली म्हणजे गॅस वाचला, असं नाही. कॉलर बंद केल्याने जेटमधून येणारा गॅस जवळपास तेवढाच राहतो आणि शेवटी बाहेरची हवा घेऊन तोही बहुतेक सगळा जळतो. फरक पडतो तो उष्णता कुठे सुटते यात. पिवळ्या ज्योतीत ती लांबलचक, पसरट जागेत सुटते आणि प्रकाशाच्या वाटेही बरीच निघून जाते. हवा आत मिसळली की तेवढीच उष्णता आखूड जागेत एकवटते. म्हणून निळ्या ज्योतीच्या आतल्या शंकूच्या टोकाच्या किंचित वर तापमान १५०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. बारीक तांब्याची तार तिथे धरा. तांबं १०८५ अंशांना वितळतं, आणि तारेच्या टोकाला थेंब येतो. तीच तार पिवळ्या ज्योतीत लाल होते, काजळते, पण वितळत नाही. नव्या बर्नरची ही माझी दुसरी परीक्षा. थेंब नेमका शंकूच्या टोकावर येतो की इकडेतिकडे शोधत बसावं लागतं, यावरून ज्योत किती स्थिर आहे ते कळतं.

आतल्या शंकूच्या पोटात मात्र ज्योत नसतेच. तिथे न जळलेलं थंड मिश्रण असतं. आगकाडीला टाचणी टोचून, ती टाचणी नळीच्या तोंडावर आडवी टेकवून, गुल मधोमध ठेवून बर्नर पेटवला तर भोवती ज्योत गरजत असताना गुल तसाच राहतो. जाड कागद ज्योतीत खाली, आडवा, क्षणभर धरून काढला तर मधे पांढरा आणि भोवती जळका असा गोल उमटतो. विद्यार्थी हे पाहतात तेव्हा त्यांना पुढे सांगावं लागत नाही, की मूस, म्हणजे पदार्थ तापवायचं छोटं भांडं, शंकूच्या आत घालायची नसते. तिपाईची उंची अशी हवी की भांड्याचा तळ शंकूच्या टोकाच्या जरासा वर राहील. तळ शंकूत घुसला तर थंड पृष्ठभागावर जळणं अर्धवट थांबतं, कार्बन मोनॉक्साइड बाहेर सुटतो आणि पाणी उकळायलाही उशीर लागतो. तिपाई ठरलेल्या उंचीची असते, म्हणून बर्नरची उंची तिच्याशी जुळते का ते घेण्याआधी मोजावं.

आता ज्या गोष्टीला नवशिके घाबरतात ती: बर्नर खाली पेटणं. ज्योत म्हणजे प्रवाहाविरुद्ध पोहणारा माणूस समजा. मिश्रण वर येतंय, ज्योतीची कड त्यातून खाली जाऊ पाहतेय. दोन्ही वेग जुळले की ती एका जागी दिसते. हवा आणि मिथेन यांचं योग्य प्रमाणातलं मिश्रण जळत जाण्याचा वेग सेकंदाला जेमतेम ४० सेंटिमीटर असतो. गॅस खूपच जास्त असेल तर मिश्रण याहून सावकाश जळतं, आणि कॉलर उघडत गेलो तसा हा वेग वाढतो. नळीतून येणाऱ्या मिश्रणाचा वेग याहून जास्त असतो तोवर ज्योत तोंडाशी राहते, आणि शंकूचा कोन या दोन वेगांच्या गुणोत्तरावर ठरतो. मिश्रण वेगाने आलं की शंकू उंच, निमुळता. सावकाश आलं की बसका.

म्हणून कॉलर पूर्ण उघडी ठेवून गॅसची तोटी बारीक करत गेलो की काय होतं बघा. गॅस कमी झाला, त्याची ओढ कमी झाली, त्यामुळे हवाही जवळपास त्याच प्रमाणात कमी झाली. मिश्रणाचं प्रमाण फारसं बदललं नाही, म्हणजे ज्योतीचा वेग तसाच. पण वर येणारा प्रवाह मंदावला. शंकू बसका होत जातो, कड नळीत उतरते, "फट्" असा आवाज होतो आणि ज्योत जेटवर जाऊन बसते. वरून बघितलं तर नळीत खोल एक लहानशी हिरवट ज्योत दिसते, नळी हात लावता येणार नाही इतकी तापते, वास येतो, बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. अशा वेळी कॉलर फिरवत बसू नये. कॉलरही तापलेली असते, आणि अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड बाहेर येत असतो. गॅस बंद, नळी गार होईपर्यंत थांबायचं, कॉलर बंद करायची, पुन्हा पेटवायचा. रोजच्या वापरात नियम सोपा आहे: ज्योत बारीक करायची तर आधी हवा थोडी आवरायची, मग गॅस. मोठी करायची तर उलट, आधी गॅस, मग हवा.

याउलट गॅस आणि हवा दोन्ही भरपूर सोडली की ज्योत तोंडावरून उचलली जाते, फडफडते आणि विझते. जुन्या काळी कोळशापासून केलेला गॅस वापरत. त्यात जवळपास निम्मा हायड्रोजन असे आणि हायड्रोजनची ज्योत मिथेनपेक्षा कितीतरी वेगाने पळते. तेव्हा खाली पेटण्याचा धोका मोठा होता. नैसर्गिक वायूवर तो कमी झाला, पण ज्योत उचलली जाण्याचा त्रास वाढला. म्हणून चांगल्या नव्या बर्नरच्या तोंडाशी ज्योतीला धरून ठेवणारं कडं असतं. त्याच्या कडेच्या फटींतून थोडा गॅस सावकाश येतो आणि तिथे लहान ज्योती टिकून मोठ्या ज्योतीला पेटतं ठेवतात. दिसायला क्षुल्लक, पण असं कडं असलेला बर्नर माझ्याकडून एक पायरी वर चढतो.

जेटबद्दल मात्र मी थोडी कठोर आहे. बर्नर कुठल्या गॅससाठी आहे हे त्यावर कोरलेलं नसेल तर तो घेऊ नका. मिथेनच्या एका भागाला साडेनऊ भाग हवा लागते, तर प्रोपेनला सुमारे २४ आणि ब्युटेनला ३१. एलपीजी या दोघांचंच मिश्रण. शिवाय एवढ्याच आकारमानाच्या प्रोपेनमधून मिथेनच्या अडीचपटीच्या आसपास उष्णता मिळते. म्हणून एलपीजीचा जेट बारीक भोकाचा असतो. नैसर्गिक वायूचा जेट बसवलेला बर्नर एलपीजीवर लावला तर कॉलर पूर्ण उघडूनही टोक पिवळंच राहतं, तिपाईवरची तारजाळी काळी होते, आणि विद्यार्थी समजतो की आपल्यालाच बर्नर जमत नाही. उलट अदलाबदल केली तर ज्योत मरतुकडी होते आणि तोंडावर टिकत नाही. "सर्व गॅससाठी" असं लिहिलेला एकच जेट दिसला की मी तो बर्नर बाजूला ठेवते. सुटे जेट सोबत देणारा बर्नर मला पटतो.

पुरेशी हवा देऊनही निळ्या ज्योतीत पिवळे फराटे येतात, अशी तक्रार बऱ्याचदा ऐकू येते. दर वेळी तो हवेचा दोष नसतो. तोंडावर सांडलेलं मीठ, धूळ, बोटांचा घाम यांतलं सोडियम ५८९ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश देतं, आणि त्याची किंचितशी मात्राही पुरते. ओळखायला बशी धरा. काजळी बसली तर हवा कमी आहे. बशी स्वच्छ राहिली तर बर्नरचं तोंड पुसा.

असे रंग नीट दिसावेत याच कारणासाठी जर्मन रसायनज्ञ रॉबर्ट बन्सन यांना ही ज्योत हवी होती. हायडेलबर्गला १८५५ मध्ये त्यांची नवी प्रयोगशाळा उभी राहत होती, शहरात गॅस आला होता, आणि त्यांना हवी होती गरम, काजळी नसलेली, स्वतःचा रंग जवळजवळ नसलेली ज्योत. गॅस आणि हवा पेटण्याआधीच मिसळायची ही त्यांची कल्पना, आणि ती प्रत्यक्षात उतरवली विद्यापीठाचे यंत्रकार पेटर देसागा यांनी. बन्सन यांनी एकस्व (पेटंट) घेतलं नाही. १८५७ मध्ये त्यांनी आणि हेन्री रॉस्को यांनी रचनेचं वर्णन छापलं. पुढे बन्सन आणि भौतिकशास्त्रज्ञ किर्खहोफ यांनी याच ज्योतीत क्षार धरून त्यांचे वर्णपट पाहिले आणि १८६० मध्ये सीझियम, १८६१ मध्ये रुबिडियम ही नवी मूलद्रव्यं सापडली. ज्योत पिवळी असती तर सीझियमच्या त्या दोन निळ्या रेषा तिच्या झळाळीत उठून दिसल्या नसत्या. कॉलर उघडून निळी ज्योत केली की मला हे दर वेळी आठवतं आणि मी ते वर्गाला सांगते.

कॉलरची सगळ्यात अवघड परीक्षा आहे बोरॅक्सच्या मण्याची. प्लॅटिनमच्या तारेवर बोरॅक्सचा काचेसारखा मणी करून त्यात तांब्याच्या क्षाराचा कण घ्यायचा. भरपूर हवेच्या ज्योतीत, बाहेरच्या शंकूच्या टोकाजवळ तापवला तर गार झाल्यावर मणी निळा दिसतो. क्षपण करणाऱ्या, म्हणजे ऑक्सिजन काढून घेणाऱ्या, ज्योतीत तापवला तर तांबडा आणि अपारदर्शक. मँगॅनीजचा मणी पहिल्या ज्योतीत जांभळा, दुसऱ्या ज्योतीत रंगहीन. ती क्षपणाची जागा मिळवायची कशी? हवा हळूहळू कमी करत यायचं, आतल्या शंकूच्या टोकावर अगदी छोटा चमकता ठिपका दिसेपर्यंत. त्या ठिपक्यात हवा कमी असते, तापलेला कार्बन असतो, आणि तिथे मण्याचं क्षपण होतं. ठिपका मोठा झाला की मण्यावर काजळी बसते, नाहीसा झाला की मणी पुन्हा निळा. हा ठिपका धरून ठेवू शकणारी साधी कॉलर फार थोड्या बर्नरांना असते. ज्यांना असते, ते बर्नर मी कपाटात वेगळे ठेवते आणि गुणात्मक विश्लेषणाच्या, म्हणजे पदार्थात काय काय आहे ते ओळखण्याच्या दिवशीच काढते.

इथेच टेक्लू उजवा ठरतो. व्हिएन्नात काम करणाऱ्या निकोलाए टेक्लू या रोमानियन रसायनज्ञाने १८९२ मध्ये हा बर्नर मांडला. नळीचं बूड खाली रुंदावत जाणाऱ्या शंकूसारखं, आणि त्याखाली आट्यांवर वर-खाली होणारी चकती. चकती आणि शंकू यांच्यातल्या फटीतून चारी बाजूंनी सारखी हवा आत जाते. चकती एक आटा फिरवली तरी फट केसभरच बदलते. बोरॅक्सच्या मण्याचा तो ठिपका टेक्लूवर मी आणते आणि मग हात काढून मण्याकडे लक्ष देते; तो तिथेच राहतो. गॅससाठी वेगळा पेच बुडाशीच असतो, त्यामुळे दोन्ही गोष्टी नजरेसमोर. हवा अधिक शिरते, नीट मिसळते, म्हणून ज्योत साध्या बन्सनपेक्षा गरमही असते. तक्रार एकच: चकती उघडी असल्याने त्यावर सांडलेलं सगळं साचतं. आट्यांत क्षार अडकले की ती किरकिरते आणि शेवटी फिरेनाशी होते. वापरून झाल्यावर पुसायची सवय नसलेल्या प्रयोगशाळेत टेक्लू फार दिवस चांगला राहत नाही. आणि अगदी नवख्या मुलांना मी तो देत नाही, कारण उघडं-बंद असं ठळक काही त्यात दिसत नाही. साध्या बन्सनची भोकं मुलांना दिसतात, हवा कुठून जाते ते कळतं, आणि शिकवताना मला तेच हवं असतं.

मेकर हा वेगळाच प्राणी. रुंद तोंड, त्यावर निकेलची खोल जाळी, बुडाशी मोठी भोकं आणि मधे आवळलेली नळी. हवा इतकी आत घेतो की ज्योतीला बाहेरच्या हवेची फारशी वाट बघावी लागत नाही. एका मोठ्या शंकूऐवजी जाळीच्या प्रत्येक घरावर एक इवलासा शंकू, आणि त्यांच्या वर लगेच एकसारखा, पसरलेला, अतिशय गरम पट्टा. एवढी हवा मिसळलेलं मिश्रण वेगाने जळतं, मग ते खाली का पेटत नाही? कारण अरुंद फटीतून ज्योत जाऊ शकत नाही. धातू तिची उष्णता शोषून घेतो. मिथेनसाठी ही फट दोन-अडीच मिलिमीटरची. १८१५ मध्ये इंग्रज रसायनज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी खाणकामगारांच्या दिव्याला जाळी लावली ती याच तत्त्वावर.

मुशीतला अवक्षेप (द्रावणातून खाली बसलेला साका) जाळायचा असेल तर मला मेकरच लागतो. ज्योत १५०० अंशांची असली तरी साध्या बन्सनवर चिनी मातीच्या मुशीच्या आत त्याच्या निम्म्याच्या आसपासच तापमान चढतं, कारण टोकाची गरम जागा लहान आणि मुशीच्या भिंतींतून उष्णता सतत बाहेर जाते. कॅल्शियम कार्बोनेटचा चुना व्हायला ९०० अंशांच्या जवळ जावं लागतं. साध्या बन्सनवर मुशीत ते रेंगाळतं, मेकरवर होतं. बोरोसिलिकेटची काच ८२० अंशांच्या आसपास मऊ होते, तिची बारीक नळी मेकरवर वाकवता येते. साध्या सोडा काचेला मात्र बन्सनच बरा, आणि वाकवून झाल्यावर ती पिवळ्या काजळणाऱ्या ज्योतीत फिरवत सावकाश गार करायची, म्हणजे तडकत नाही. ते काम मेकर करूच शकत नाही: त्याची हवा बंद केली की जाळीत काजळी भरते. जाळीवर क्षार सांडून वितळला तर ती घरं बुजतात आणि ज्योत कायमची डागाळते. गॅसही तो बराच खातो, आवाज मोठा करतो, आणि त्याच्या शेजारी उभं राहून बोलायचं तर आवाज चढवावा लागतो.

तेव्हा घ्यायचं काय? शिकवण्याच्या प्रयोगशाळेत प्रत्येक जागेवर साधा बन्सन, कॉलर तपासून, योग्य जेटचा, ज्योत धरणाऱ्या कड्यासह. ज्योतीची परीक्षा, मणी, तार असली नाजूक कामं होत असतील तर दोन-तीन टेक्लू. मुशी जाळायला एखादा मेकर, वेगळ्या ओट्यावर, वारा लागणार नाही अशा कोपऱ्यात. अंगावर येणारा वारा ज्योत वाकवतो आणि त्यावर कुठल्याच कॉलरचा इलाज चालत नाही.

घेतल्यावर जेटची काळजी घ्या. भोक बुजलं तर ज्योत लहान होते, एका बाजूला झुकते, आणि बरेच जण सुई खुपसून ते मोकळं करतात. सुईने भोक रुंदावतं, गॅस वाढतो, हवा पुरेनाशी होते आणि चांगला बर्नर कायमचा पिवळा जळायला लागतो. जेट काढून, भोकापेक्षा बारीक मऊ तार आतून बाहेर ओवून, फुंकून स्वच्छ करावा. कॉलरला तेल किंवा ग्रीस अजिबात लावू नका. तापल्यावर त्याचा चिकट थर होतो. कोरड्या फडक्याने पुसलेली कॉलर सगळ्यात छान फिरते.